छापखाना कुणाचा?

या महिन्याच्या टपालातली चार पत्रं इथे घेतली आहेत. त्यांतलं पहिलं वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, म्हणून त्याला जागाही सगळ्यांत जास्त दिली आहे.

प्रश्न : ताई, आमचं कृष्णाकाठी एक सार्वजनिक वाचनालय आहे. २०१३ साली आम्ही एका मोठ्या समाजमाध्यमावर वाचनालयाचं पान काढलं. ऑगस्ट २०१९च्या महापुरात ज्याच्या मोबाईलमध्ये बॅटरी शिल्लक असेल तो त्या पानावर टाकायचा : बोट कुठे लागली, कुणाला इन्सुलिन हवं, कुठल्या आळीत म्हातारी माणसं अडकली. पाणी कुणाच्या घराच्या कितव्या पायरीला लागलं याचे फोटो तारीखवार होते. गेल्या श्रावणात एका सकाळी पान उघडेना. ‘नियमांचा भंग’ एवढंच इंग्रजीत लिहिलेलं. कोणता नियम, कोणती पोस्ट, काही नाही. तीनदा अपील केलं, तिन्ही वेळा दोन मिनिटांत तेच उत्तर आलं. आता कार्यकारी मंडळातले दोघे म्हणतात, नवीन पान काढू, लोक तिथेच आहेत. आमच्यातल्या एक शिक्षिका म्हणतात, पुन्हा तिथे जायचं नाही, स्वतःची जागा करायची, हा राजकीय प्रश्न आहे. वाचनालयाला राजकारणात कशाला ओढायचं?
— एक कार्यकर्ता, वाळवा तालुका

उत्तर : दादा, आधी फोटो. वाद घालायला वेळ आहे, फोटोंना नाही. २०१९मधला फोन आज कुणाच्या तरी कपाटात असेल नाहीतर भंगारात. येत्या गणेशोत्सवात मांडवाशेजारी एक टेबल टाका, लॅपटॉप ठेवा, आणि गावाला सांगा की पुराचे फोटो आणून द्या. कॅमेऱ्यातून थेट काढलेल्या फोटोच्या फाईलमध्ये तारीख-वेळ नोंदलेली असते. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोतून ती निघून जाते, पण अँड्रॉइड फोनवर फाईलच्या नावात तो फोटो त्या फोनवर आला ती तारीख राहते. म्हणून फाईलचं नाव बदलू नका. फोटो कुणी दिला, कुठल्या घराचा आहे, शेजारी कोण उभं आहे, हे त्याच वेळी वहीत लिहा. दोन हार्ड डिस्कवर प्रती करा आणि त्यांतली एक पाणी चढणार नाही अशा गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा.

दुसरं, अपील अजून संपलेलं नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयावर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समित्यांकडे ऑनलाइन दाद मागता येते. २०२३पासून त्या काम करतात आणि मुदत ३० दिवसांची आहे. आधी त्या अधिकाऱ्याकडे रीतसर तक्रार करा, कारण यंत्राकडून आलेलं उत्तर म्हणजे त्याचा निर्णय नव्हे. लोकांचं बोलणं राहावं की जावं हे ठरवणाऱ्या समित्या सरकारनेच नेमाव्यात हे मला मुळीच पटत नाही. तरी तुमच्या हातात आज जो दरवाजा आहे तो ठोठवा.

आता राजकारण.

माझे वडील सोलापुरात एका छापखान्यात कंपोझिटर होते. उभ्याने खिळे जुळवायचे, त्यामुळे त्यांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या असत. आणीबाणी लागली तेव्हा मी शाळेत होते. त्या पावसाळ्यात गिरणी कामगारांचं एक पत्रक छापायला आलं आणि मालकांनी नकार दिला. मालक वाईट माणूस नव्हते. वडिलांच्या आजारपणात त्यांनी पगार कापला नव्हता. पण १८६७च्या कायद्याप्रमाणे छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि मुद्रणस्थळ घालावं लागे, आणि त्या दिवसांत ते नाव घालणं म्हणजे छापखान्याला कुलूप लावून घेणं. ज्या हातांनी त्या छापखान्यातलं अक्षर न् अक्षर जुळवलं होतं त्या हातांना स्वतःचं चार ओळींचं पत्रक तिथे छापता येईना. शेवटी एका मास्तरांच्या घरी सायक्लोस्टाईल यंत्र होतं तिथे ते निघालं. मेणाच्या स्टेन्सिलवर वडिलांनी हाताने अक्षरं कोरली. शाई पसरलेली, ओळी वाकड्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला ते पत्रक गिरणीच्या फाटकावर वाटलं गेलं. पुढे आयुष्यभर, कुणी नवीन साप्ताहिक काढतोय, कुणी संघटना काढतोय असं कळलं की वडील पहिला प्रश्न विचारायचे : छापखाना कुणाचा?

मी तुमचं पत्र वाचलं तेव्हा मला तोच प्रश्न आठवला. पान तुमचं होतं, छापखाना तुमचा नव्हता.

याला पक्षाचं राजकारण म्हणत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्या वाचनालयाला घटना आहे. सभासद आहेत, वर्गणी आहे, वार्षिक सभेत हिशोब वाचला जातो आणि कुणीतरी उठून दहा रुपयांसाठी भांडतो. वाळवी लागलेलं एक पुस्तक निर्लेखित करायचं तरी ठराव लागतो, सूचक-अनुमोदक लागतात. आणि गावाची अकरा वर्षांची आठवण एका सकाळी निर्लेखित झाली, तिला ना ठराव ना सही. निर्णय कुणी घ्यायचा, कुणाला विचारून घ्यायचा, त्याचा जाब कुणी द्यायचा, यालाच तर राजकारण म्हणतात. त्या शिक्षिकाबाईंनी वाचनालयाला त्यात ओढलेलं नाही, ते अकरा वर्षं त्यात होतंच. फक्त मत देण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता.

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्या काळी मराठीत ‘केसरी’चा दबदबा केवढा होता हे सांगायला नको. ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावर ‘केसरी’च्या दाराशी बसून राहायचं ठरवलं नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, आपलं पत्र निघालं. ते १९२३मध्ये बंद पडलं. १९२७मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघालं, तेही पैशाअभावी टिकलं नाही. १९३०मध्ये ‘जनता’ निघालं. तुमच्या वाचनालयाची त्या लढ्याशी बरोबरी मी करत नाही. पण ‘लोक तिथेच आहेत’ या तुमच्या मंडळातल्या युक्तिवादाला मला यापेक्षा नेमकं उत्तर सापडत नाही. लोक तेव्हाही ‘केसरी’च वाचत होते. आणि आपलं पत्र चालवणं म्हणजे पुन्हा पुन्हा बंद पडणं आणि पुन्हा उभं करणं, हेही त्याच इतिहासात आहे. सोपं आहे असं मी सांगणार नाही.

मग करायचं काय? तुमच्या वाचनालयाच्या नावाचं एक डोमेन घ्या. वर्षाला हजार रुपयांच्या आत येतं. देवनागरीत ‘.भारत’सुद्धा मिळतं, मात्र अजून बऱ्याच ठिकाणी तसला पत्ता टाकला की अर्ज अडतो, म्हणून मी साधं ‘.इन’ सुचवेन. ते वाचनालयाच्या नावावर घ्या, उत्साही पोराच्या वैयक्तिक ईमेलवर नको. तो नोकरीला पुण्याला गेला की पासवर्डही पुण्याला जातो. त्या पत्त्यावर साधं संकेतस्थळ उभं करा, पुराचे फोटो तिथे लावा, आणि त्याला आरएसएस ठेवा. आरएसएस म्हणजे तुमच्याकडे नवीन काही लिहिलं गेलं की ते वाचकाच्या वाचक-अॅपमध्ये आपोआप पोचतं. मधे कुणी ठरवणारा नसतो. ही जुनी सोय आहे. २०१३मध्ये गूगलने आपलं रीडर बंद केल्यावर लोकांना वाटलं की आरएसएसच मेलं. ते आजही चालतं, कारण ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतंच.

संवादासाठी, म्हणजे लोकांनी उत्तर द्यावं, पुढे पाठवावं यासाठी, मॅस्टोडॉनवर खातं काढा. त्याची रचना समजायला आपला मोबाईल नंबर आठवा. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमला फोन लागतो. त्यासाठी दोघांनी एकाच कंपनीचं असावं लागत नाही. आणि २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे कंपनीला आपल्याला धरून ठेवायला काहीतरी नीट वागावं लागतं. मॅस्टोडॉन हे अशा हजारो छोट्या-मोठ्या सर्व्हरांचं जाळं आहे. प्रत्येक सर्व्हर वेगळ्या माणसांचा, नियम वेगळे, पण एकीकडचा माणूस दुसरीकडच्याला वाचतो, उत्तर देतो. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६मध्ये ते सुरू केलं. या सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायची भाषा अॅक्टिव्हिटीपब, ती जानेवारी २०१८मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केली. सर्व्हर पटला नाही तर खातं हलवता येतं आणि तुम्हाला फॉलो करणारे तुमच्याबरोबर येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत, त्या उतरवून आपल्याकडे ठेवाव्या लागतात. म्हणूनच मूळ प्रत संकेतस्थळावर ठेवा म्हणते.

आणि हो, त्या मोठ्या माध्यमावर नवीन पानही काढा. मंडळातल्या त्या दोघांचं म्हणणं खोटं नाही. गावातली सून, दुबईतला मुलगा, पुण्यातली शिकणारी मुलं तिथेच आहेत. पण तिथे फक्त दवंडी द्या : अमुक लिहिलंय, वाचायला आपल्या पत्त्यावर या. घर आपल्या पत्त्यावर. पुढचा पूर आला आणि पुन्हा ते पान गेलं तर फक्त दवंडीचा खांब जाईल.

शिक्षिकाबाईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : विकेंद्रित म्हणजे ब्लॉकचेन, क्रिप्टो वगैरे ना? माझा भाचा त्यात पैसे घालायला सांगतो आहे.
— म. शं. जो., डोंबिवली

उत्तर : नाही. मी या सदरात ज्याविषयी लिहिते, म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नसलेली माध्यमं, त्यात विकत घ्यायला कुठलं नाणं नाही, भाव चढत नाही आणि उतरत नाही. तुम्ही रोज वापरता ते ईमेलही विकेंद्रितच आहे : याहूवरून जीमेलला पत्र जातं, आणि त्यासाठी कुणी गुंतवणूक करत नाही. ‘विकेंद्रित’ हा शब्द सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. भाच्याला हे वाचायला दिलंत तरी चालेल.

प्रश्न : तुमचं सदर मी आवडीने वाचते, पण मला राग येतो. मी आशा आणि गटप्रवर्तकांच्या संघटनेचं काम करते. आमच्या बायका गाव-पाड्यांवर फिरतात. मोर्चा कधी, निवेदन कुठे, कुणाचा मोबदला थकला, सगळं व्हॉट्सअॅपवर. बाईकडे फोन एक, तोही कधी मुलाच्या हातात, रिचार्ज संपत आलेला. तिने आता तुमचा कुठला सर्व्हर निवडायचा? सोय सोडणं ही राजकीय कृती आहे असं तुम्ही मागे लिहिलं होतं. ज्यांच्याकडे फावला वेळ आणि इंग्रजी आहे त्यांची ही राजकीय कृती. आमच्यासाठी सोय हीच चळवळ आहे.
— एक कार्यकर्ती, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, राग योग्य जागी आहे. ते वाक्य मी मागे ज्या पद्धतीने लिहिलं त्यात चूक होती, ती आधी दुरुस्त करते. जिच्या हातात एकच फोन आणि दिवसाचे १४ तास काम आहे तिच्याकडून सोय सोडण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे. सोय सोडण्याची जबाबदारी ज्यांना ती सोडणं परवडतं त्यांच्यावर येते, आणि परवडत असूनही न सोडणाऱ्यांत मी मासिकं, विद्यापीठं, साहित्यसंस्था, महापालिका या सगळ्यांना धरते. माझ्या ओळखीच्या एका शहरात पाणी कोणत्या दिवशी येणार नाही हे आधी एका खासगी माध्यमावर कळतं. तिथे खातं नसेल तर पूर्ण सूचना दिसत नाही. नागरिकाने घागर भरून ठेवायची की नाही हे कळण्यासाठी परदेशी कंपनीला आपला फोन नंबर द्यायचा! युरोपियन कमिशनने, नेदरलँड्सच्या सरकारने, जर्मनीच्या संघीय कार्यालयांनी स्वतःच्या पत्त्यावर मॅस्टोडॉनचे सर्व्हर उभे केले आहेत. आपल्याकडच्या एखाद्या महापालिकेला तेवढं जमू नये असं मला वाटत नाही. हे काम तुमच्या आशांचं नाही, आमचं आहे, आणि आम्ही ते केलेलं नाही.

आणखी एक तुमच्या बाजूचं. व्हॉट्सअॅपवरचा संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणाला, कंपनीलाही, वाचता येत नाही. मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेश तसे कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो ते वाचू शकतो. मी स्वतः एक छोटा सर्व्हर चालवते, म्हणून हे अनुभवाने सांगते. एखाद्या बाईने वरिष्ठाविरुद्ध तक्रार सांगायची असेल तर ती व्हॉट्सअॅपवरच सांगावी, माझ्या सर्व्हरवर नको.

पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी मी अडून बसणार आहे : ‘सगळं’. सगळं व्हॉट्सअॅपवर आहे म्हणता, तिथे मला भीती वाटते.

४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय? आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम बंद पडलं आणि सुमारे सहा तास बंद राहिलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात दुरुस्ती चालू असताना चूक झाली आणि तिन्ही एकाच मालकाची असल्यामुळे तिन्ही गेली. रात्र होती म्हणून आपल्याकडे फारसं कुणाचं अडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला मोर्चा असता आणि एसटी कुठून सुटणार हे त्या रात्री कळवायचं असतं, तर?

पानं-खाती बंद केल्याचीही उदाहरणं आहेत. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते तेव्हा, डिसेंबर २०२०मध्ये, त्यांच्या ‘किसान एकता मोर्चा’चं फेसबुक पान काही तास काढलं गेलं. आरडाओरड झाल्यावर परत आलं. १ फेब्रुवारी २०२१ला सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने अडीचशेच्या आसपास खाती भारतात दिसेनाशी केली. त्यात ‘किसान एकता मोर्चा’चं ट्विटर खातं होतं, ‘कॅरव्हॅन’ मासिकाचंही होतं. त्याच संध्याकाळी ती परत दिसू लागली, आणि मग सरकारने कंपनीला नोटीस दिली. पुढे २०२२मध्ये ट्विटर अशा आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२३ला याचिका फेटाळली गेली, वर ५० लाखांचा दंड. कंपनीचं मन चांगलं की वाईट हा इथे प्रश्नच उरत नाही. ज्या एका दारातून सगळे ये-जा करतात, त्या दारावर हात ठेवणं कुणालाही सोपं असतं.

त्या शेतकऱ्यांनी काय केलं ते मला फार मोलाचं वाटतं. फेसबुक सोडलं नाही. पण १८ डिसेंबर २०२०ला ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचं चार पानी पत्र काढलं, पंजाबीत आणि हिंदीत. सिंघू आणि टिकरी या दोन मोर्चांमध्ये कित्येक किलोमीटरचं अंतर होतं, ट्रॉल्यांची रांग लांबच लांब, इकडे मंचावर काय ठरलं ते शेवटच्या ट्रॉलीला कळत नव्हतं. शिवाय टीव्हीवर त्यांच्याबद्दल भलतंच सांगितलं जात होतं. म्हातारे शेतकरी कडाक्याच्या थंडीत ते पत्र मोठ्याने वाचून दाखवत. माझ्या वडिलांनी ते पाहिलं असतं तर त्यांना त्यांचं स्टेन्सिल आठवलं असतं.

म्हणून तुमच्यासाठी माझं सांगणं एवढंच. व्हॉट्सअॅप वापरा. पण सभासदांची नोंदवही, म्हणजे नाव, गाव, आरोग्य केंद्र, फोन, घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन, ही कागदावर आणि एका साध्या फाईलमध्ये, दोन वेगळ्या माणसांकडे असू द्या. मी एका संघटनेत पाहिलंय : गटाची अॅडमिन एकच बाई, तिचा फोन पडून फुटला, नंबर बंद झाला, आणि जिल्ह्यातल्या बायका एकमेकींना हरवल्या. प्रत्येक गटाला किमान तीन अॅडमिन करा. गटप्रवर्तकांपैकी प्रत्येकीकडे दहा जणींना फोन करायची यादी असू द्या, आणि वर्षातून एकदा ती साखळी खरंच चालवून बघा : सकाळी आठला पहिला फोन, शेवटच्या पाड्यावर किती वाजता पोचतो ते लिहून ठेवा. शासन निर्णय, निवेदनं, मोबदल्याचे तक्ते यांच्यासाठी एक साधं संकेतस्थळ करा, जे दोन पट्ट्यांच्या रेंजवरही उघडेल. ते उभं करायला मी आणि माझ्या दोन मैत्रिणी येऊ. प्रवासखर्च आमचा. मासिकाच्या पत्त्यावर कळवा. ही दिलगिरी म्हणून नव्हे, आमच्या वाट्याचं काम म्हणून.

प्रश्न : तुम्ही चालवता त्या सर्व्हरवर मला खातं मिळेल का? त्याला खर्च किती येतो? आणि तुम्ही या भानगडीत पडलात कशा?
— सु. द., इचलकरंजी

उत्तर : शेवटचं आधी. नोव्हेंबर २०१९मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं होतं. त्यांनी खात्याच्या माथ्यावर १९३६चा हॅम्बुर्गमधला एक प्रसिद्ध फोटो लावला होता. त्यात हजारो कामगार नाझी सलाम करत आहेत आणि गर्दीत एकटाच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींच्या विरोधातला फोटो, आणि यंत्राने त्यालाच द्वेषाचं चिन्ह ठरवलं. त्या आठवड्यात भारतातून बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले, मीही गेले. महिन्याभरात बहुतेक परत आले. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये ट्विटर विकलं गेलं तेव्हा आणखी मोठी लाट आली, तीही बरीच ओसरली. मी राहिले. तिथे जाहिरात नाही, पोस्ट काळाच्या क्रमाने येतात, आणि कुणाला जास्त राग येईल ते वर ढकलणारं यंत्र नाही. मराठीत बोलणारे थोडे आहेत. काही संध्याकाळी एकटं वाटतं, हे खरं आहे.

२०२३मध्ये आम्ही तिघींनी स्वतःचा सर्व्हर घेतला. भाडं महिन्याला १,२०० रुपये. दुसऱ्या सर्व्हरांवरून येणारे फोटो साठून जागा भरते, ते दर आठवड्याला साफ करावे लागतात. बॅकअप रोज रात्री, आणि तो खरंच उघडतो का हे महिन्यातून एकदा बघायचं. हे न बघितल्याने आम्ही एकदा दोन दिवसांच्या पोस्ट गमावल्या. पैशाचा खर्च हा एवढाच. खरा खर्च माणसाचा. फेब्रुवारी २०२४मध्ये या जाळ्यावर कचरा-संदेशांची मोठी लाट आली. नोंदणी सताड उघडी ठेवलेल्या आणि कुणी लक्ष न देणाऱ्या छोट्या सर्व्हरांवर खोटी खाती काढून तो मजकूर सोडला जात होता. आम्ही तिघी चार रात्री पाळीने जागलो. तक्रारी येतात, एखाद्याने दुसऱ्याच्या जातीवरून लिहिलेलं असतं, ते काढायचं, त्याला फोन करून सांगायचं का काढलं. २०१९मध्ये अमेरिकेतलं गॅब नावाचं द्वेषाला मोकळं रान देणारं माध्यम मॅस्टोडॉनचंच सॉफ्टवेअर घेऊन या जाळ्यात शिरलं, तेव्हा बहुतेक सर्व्हरांनी एकेक करून त्याला दार बंद केलं. कुणी वरून हुकूम दिला नव्हता. आमची ब्लॉक केलेल्या सर्व्हरांची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावलेली आहे, कारणासकट. कायद्यानेही नियम आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव जाहीर करावं लागतं. ते नाव माझं आहे.

खातं मात्र मिळणार नाही. आमच्याकडे १६० जण आहेत आणि आम्ही दार बंद केलं आहे. १६० माणसांचं भांडण तिघींना कळतं, नावानिशी कळतं. १,६००चं कळणार नाही, मग आम्हीही यंत्राला विचारायला लागू आणि तुम्हाला दोन मिनिटांत उत्तर पाठवू. इचलकरंजीत तुम्हाला आणखी दोघं-तिघं मिळाली, वर्गणी कोण गोळा करणार आणि रात्रीची पाळी कोण घेणार एवढं ठरलं, की मला कळवा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीननंतर मी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी फोनवर बसते. येताना वही आणा, पहिल्याच दिवशी बॅकअपचा पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा यावर आपला अर्धा तास जाणार आहे.